बिनआईची होडी

आमच्या घरी दूध उतू गेलं तर पहिल्यांदा मी म्हणतो, "माझंच चुकलं." दूध कुणी ठेवलं होतं, शेगडीपाशी कोण उभं होतं, ही चौकशी नंतर. बायको म्हणते, "अहो, उद्या शेजाऱ्यांचा कडुलिंब पडला तरी तुम्ही जाऊन माफी मागून याल." येईनही कदाचित. दोष अंगावर घ्यायला मला वेळ लागत नाही, पण त्यापलीकडे तोंड उघडायला फार वेळ लागतो. नोकरीतल्या गोष्टी मी घरी कधी सांगितल्या नाहीत. यंदा आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दारात येऊन बसले. "तुम्ही म्हणे मध्य भारताच्या काळात सरकारी शब्द पाडत होतात. त्यावर लिहा. अबोलपणा पुरे झाला." चहा संपला तरी उठेनात, म्हणून हे लिहितोय.

शब्द पाडत होतो हे खरं आहे. टाकसाळीत नाणी पाडतात तसे.

मध्य भारत म्हणजे काय, हे आता कॉलेजातल्या मुलांना सांगावं लागतं. संस्थानं गेली आणि भोपाळचा मध्य प्रदेश अजून यायचा होता, त्या मधल्या थोड्या वर्षांतलं हे राज्य. त्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. सरकार हलायचं म्हणजे फायली, टाइपरायटर, पंखे, पाण्याचे माठ, साहेबांची मुलंबाळं, एका साहेबांचा तर पोपटसुद्धा, असं सगळं रेल्वेनं हलायचं. आमची अनुवाद शाखा मात्र इतकी किरकोळ की तिला न्यायचीही कुणाला आठवण होत नसे. आम्ही बाराही महिने इंदूरलाच. फक्त आमचा मोठा इंग्रजी शब्दकोश सरकारबरोबर ग्वाल्हेरला जायचा, कारण तो कागदोपत्री एका मोठ्या साहेबांच्या नावावर होता. साहेब तो उघडत नसत, पण तो त्यांच्या कपाटात दिसावा लागे. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात पक्के अर्थ असत आणि हिवाळ्यात अंदाजे.

काम साधं होतं. इंग्रजी नियम यायचे, त्यांची हिंदी करायची. डोक्यात मराठी, समोर इंग्रजी, कागदावर हिंदी आणि खिडकीबाहेरच्या चहावाल्याशी माळवी. या खिचडीवर आमचं पोट चालत होतं आणि खरं सांगायचं तर मजेत चालत होतं.

शाखेचे प्रमुख दादासाहेब. त्यांचे वडील आणि आजोबा होळकरांच्या दप्तरात होते. बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं, लग्नकार्याला अजून पगडी. दुसरे तिवारीजी, संस्कृतचे पंडित. गोरे आणि गोल, आणि हसले की सगळेच हसत. त्यांच्या नाकाला इंग्रजीचा वास फार लवकर यायचा. एखादा शब्द ऐकला की डोळे मिटून म्हणत, "ना. इसमें से अंग्रेज़ी की बू आ रही है." मग तो शब्द गेलाच. आणि तिसरा मी, सगळ्यांत लहान आणि गप्प.

नवा शब्द ठरवायला बैठक बसायची. चहा यायचा, शेव यायची, शब्दावर वाद व्हायचा. तिघांच्या माना डोलल्या की शब्द पास. पण त्याआधी एक परीक्षा असे. ती दादासाहेबांनी पाडलेली रीत. आमचा चपराशी रामरतन, त्याला हाक मारायची आणि नवा शब्द वापरून काहीतरी आणायला सांगायचं. बरोबर वस्तू आली तर शब्द चालणारा. एकदा टीपकागदाला तिवारीजींनी 'मसीशोषक' केला होता. सोख्ता हा सरळ शब्द बाजारात होता, पण तो फारसी म्हणून नको. दादासाहेब म्हणाले, "रामरतन, ज़रा मसीशोषक लाओ." रामरतन बराच वेळ गेला आणि एका माणसाला दंडाला धरून घेऊन आला. "साब, ये बाहर खड़े थे. शकल से यही लगे." तो बिचारा वीज खात्यातला कारकून निघाला. सोख्ता राहिला.

अशी आमची टाकसाळ. आता होडीकडे येतो.

संक्रांतीच्या सुमारास एक फाइल आली. तलावांवरच्या होड्या-नावांचे नियम. कुठल्या खात्याचे ते सोडा. भाड्यानं चालणाऱ्या प्रत्येक नावेची नोंदणी हवी, दोन वल्हेकरी हवेत, कंदील हवा, बुडत्याला फेकायचं कडं हवं, असं बरंच. शेवटी एक ओळ होती, की यातलं काहीही 'डिंगी'ला लागू नाही.

डिंगी म्हणजे काय? मोठा शब्दकोश ग्वाल्हेरला. माझ्याकडे शाळेत बक्षीस मिळालेला खिशातला कोश होता. त्यात एवढंच होतं: जहाजाबरोबरची लहान होडी. मी म्हटलं, झालं तर.

तिवारीजींनी शब्द ऐकला, डोळे मिटले. "डिंगी! राम राम. इसमें से तो टेम्स नदी का पानी टपक रहा है."

मग मी, जो बैठकीत सहसा शेवच खात असे, तो हळूच म्हणालो, "अनुनौका?"

तिवारीजींनी डोळे उघडले. "अनुनौका! वाह! अनुज, अनुचर, अनुगामी... अनुनौका! भई, लड़का तो छुपा रुस्तम निकला!" दादासाहेबांनी मान डोलावली. माझे कान लाल झाले. माझा पहिला शब्द! त्या आनंदात मी आणखी एक केलं. शब्द नवा आहे, वाचणाऱ्याला कळावा, म्हणून पुढे खुलासा जोडला: अनुनौका म्हणजे ती लहान नाव, जी एखाद्या मोठ्या नौकेला संलग्न असेल. मुळात ही ओळ नव्हती.

दादासाहेबांनी विचारलं, "हे मूळ इंग्रजीत आहे?"

"नाही, पण लोकांच्या सोयीसाठी..."

"बरं." मग ते म्हणाले, "परीक्षा राहिली."

"नाव कहाँ से मँगवाओगे?" तिवारीजी म्हणाले. "खान नदी में तो भैंसें बैठी हैं."

सगळे हसले. अनुनौका परीक्षा न देता पास झाली.

त्यानंतर मी तो शब्द विसरलो. चैत्र संपला, सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला आलं, त्यांच्या ट्रंका आल्या, आणि एके दिवशी रामरतननं सगळ्यांच्या टेबलांवर हळदीकुंकवाचं बोट लावलेल्या पत्रिका ठेवल्या. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न. नवरी हातोदच्या पुढची, तलावापलीकडच्या गावची. "साब, सब को आना है. गोरज का मुहूर्त है. मेरी ससुराल भी वहीं है, नाक का सवाल है."

वरात जुन्या इंदुरातून निघाली ती मोटारीनं हातोदपर्यंत, आणि तिथून बैलगाड्यांनी, नवरदेव तेवढा घोडीवर. दादासाहेब पगडी घालून पुढच्या गाडीत, तिवारीजी रेशमी उपरणं सांभाळत मधल्या, आणि मी बँडवाल्यांबरोबर शेवटच्या. क्लॅरिनेटवाला मास्तर वाटभर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. ऊन कलायला लागलं होतं तेव्हा आम्ही पाण्याशी पोचलो. तलावाचा एक लांब हात जमिनीत घुसलेला आहे, त्याच्या पलीकडे नवरीचं गाव. मांडव दिसत होता. लाल-पिवळे पदर दिसत होते. आमचा बँड वाजला तसा तिकडून ढोल वाजला. लोकांनी हात हलवले.

आणि आमच्या बाजूला काठावर सगळ्या होड्या पालथ्या पडल्या होत्या. उन्हात सुसरी पडाव्यात तशा.

त्यांच्या सावलीत मांगीलाल नावाचा केवट, म्हणजे नावाडी, बिडी ओढत बसला होता. रामरतननं हाक मारली, "मांगू भिया, चलो! मुहूर्त निकला जा रहा है!"

"नहीं चलेगी," मांगीलाल म्हणाला. त्यानं बिडी विझवली नाही की तो उठला नाही.

"क्यों नहीं चलेगी?"

"रोक लगी है. होली के पहले से. साब आए थे, काग़ज़ पढ़ के सुना गए. बड़ी नाव का काग़ज़ बनवाओ, लालटेन लगाओ, दो आदमी रखो. मैंने कहा साब, मेरी तो छोटी है. बोले, छोटी को माफ़ी है, पर छोटी की अम्मा होनी चाहिए."

"क्या होनी चाहिए?" दादासाहेब गाडीतून उतरत म्हणाले.

"अम्मा, हुज़ूर. काग़ज़ में लिखा है, छोटी नाव वो जो बड़ी नाव के संग हो. मैंने कहा, मेरी नाव की अम्मा नहीं है. मेरे बाप ने बनाई, पर अम्मा तो किसी ने नहीं बनाई. बोले, तो फिर किनारे पे रख दो." मग पलीकडच्या काठाकडे बोट करून म्हणाला, "मेरी बहन होली पे इस पार नहीं आ सकी. सामने खड़ी दिखती थी. हाथ हिला के चली गई."

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना आठवलंच नव्हतं. पण मला आठवलं होतं. माझा शब्द! ज्याच्यावर माझे कान लाल झाले होते, तो इथे येऊन होड्यांवर पालथा बसला होता, आणि कुणाची तरी बहीण सणाला माहेरी येता येता राहिली होती.

दादासाहेबांचा चेहरा तापला. त्यांना राग क्वचित यायचा. "कुठल्या शहाण्यानं लिहिलं हे?" ते मराठीतच ओरडले.

वरातीत शंभर माणसं होती की दोनशे, माहीत नाही, पण बँडसुद्धा थांबला.

मी म्हणालो, "मी."

आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच बोललो असेन, आणि बोललो काय, तर हे. दादासाहेब माझ्याकडे वळले. मग त्यांचा आवाज खाली आला. "माना सगळ्यांनी डोलावल्या होत्या. एकट्यानं घेऊ नका सगळं. तुम्हाला ती खोडच आहे."

मी मांगीलालसमोर जाऊन उभा राहिलो. हात जोडले. हिंदीत नियम लिहिणाऱ्या माझी हिंदी तिथे अडखळली. "भिया, वो काग़ज़ मैंने लिखा था. माफ़ करना."

मांगीलालनं मला खालून वर पाहिलं. "तुमने? मैं तो समझता था कोई बूढ़ा होगा."

रामरतन डोकं धरून बसला होता. काठाकाठानं वळसा घालून गाड्या नेल्या तर पोचेपर्यंत गोरज उलटून जाणार. त्याच्या भावाच्या सेहऱ्याची फुलं कोमेजायला लागली होती. पलीकडून ढोलवाले 'काय झालं' विचारल्यासारखे थांबून थांबून वाजवत होते. सगळं लग्न त्या पाण्याच्या दोन काठांवर उभं होतं. मध्ये माझी ओळ.

आणि मग मला ती ओळ आठवली. शब्दन् शब्द आठवली. आपण लिहिलेलं वाक्य कोण विसरतो? 'मोठ्या नौकेला संलग्न'. संलग्न कसं, किती, केव्हापासून, हे मी काहीच लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, "दोर आहे का?"

"क्या?"

"रस्सी! रस्सी है क्या?"

थोड्या अंतरावर घाटाला सरकारी नौका साखळी-कुलूप घालून बांधलेली होती. पांढरी, लांब, वर कापडाचं छत. साहेबलोक तलावाचं धरण तपासायला आले की तीत बसत. तिची नोंदणी, तिचा कंदील, तिचं कडं, सगळं नियमात होतं. मी तिकडे बोट दाखवलं. "वो रही अम्मा."

मांगीलाल उठून उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, नावेकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. "सब को बाँध दें? पीछे?"

"सब को."

"काग़ज़ में चलेगा?"

"काग़ज़ मैंने लिखा है."

दादासाहेब तेवढ्यात घाटाकडे चालू लागले होते. नौकेच्या चौकीदारानं पगडी पाहिली आणि उठून सलाम ठोकला. जुनी माणसं पगडी पाहून उठत. पण कुलपाची किल्ली त्यानं हातातच ठेवली. "हुज़ूर, न्योता तो मुझे भी है. पर साब पूछेंगे तो ज़िम्मेदारी किसकी?"

दादासाहेबांनी वर पाहिलं. तिवारीजींनी पाण्यात पाहिलं. रामरतननं डोळे मिटले.

"मेरी," मी म्हणालो.

जबाबदारी मी जन्मभर न मागता घेत आलो होतो. कुणी मागितली होती ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला इतकं हलकं वाटलं, की मी हसलो. चौकीदारानं माझं नाव विचारलं, दोनदा मनाशी म्हटलं आणि कुलूप काढलं.

मग जो दंगा झाला! वरातीतल्या सगळ्यांनी मिळून होड्या सुलट्या केल्या. महिनोन् महिने पालथ्या पडलेल्या, खालून कोळी, विंचू, एक बेडूक निघाला. बैलगाड्यांचे दोर सुटले, विहिरीचा दोर आला, तिवारीजींनी स्वतःचं उपरणं काढून दिलं. "रेशम है, पर आज ये भी संलग्न हो जाए." एकीच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या तिसरी, अशी रांग. पुढे पांढरी आई, मागे काळी काळी पोरं. नवरदेवाची घोडी काठावरच राहिली आणि हिरमुसून गवत खायला लागली.

मी काठावर उभा राहून पुन्हा मांगीलालला सांगायला लागलो, "भिया, सच में, मुझे बहुत..."

"माफ़ी छोड़ो, बाबूजी. चप्पू पकड़ो."

मी वल्हं धरलं. ते कसं धरतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या फटक्यात मी पाणी थेट बँडमास्तरच्या तोंडावर उडवलं. "अरे, मारना है तो सूखा ही मार दो!" तो ओरडला. त्याला पाण्याची भीती. त्यानं एका हातानं होडीची कड धरली आणि दुसऱ्या हातानं क्लॅरिनेट वाजवायचा प्रयत्न केला. जो सूर निघाला तो कुठल्याच रागात बसला नसता. त्याच्या मागच्या होडीत ढोल. त्याच्या मागच्या होडीत रामरतनचे मामा, ते दर झोक्याला "जय हो" म्हणत. दादासाहेब पुढच्या नौकेत छताखाली ताठ बसले होते, पगडीवर ऊन पडलं होतं. तिवारीजींनी आमच्या होडीत मांडी घातली आणि डोळे मिटले. मी विचारलं, "कसली बू येतेय, पंडितजी?"

"मछली की," ते डोळे न उघडता म्हणाले. "चुपचाप चलाओ."

पलीकडे बायका काठावर येऊन उभ्या होत्या. वरातीला शिव्या गाण्याची आपल्या माळव्यात रीत आहे, पण त्या दिवशी त्यांना गाणी आठवेनात, इतक्या त्या हसत होत्या. एक म्हातारी तोंडाला हात लावून ओरडली, "हाय राम, एक अम्मा और इत्ते सारे बच्चे! बारात है कि बत्तख?" दुसरी म्हणाली, "अरे, दूल्हा तो ढूँढो, किस बच्चे में है!" नवरदेव तिसऱ्या होडीत सेहऱ्याखाली लाजून हसत होता. मांगीलालची बहीण गुडघाभर पाण्यात उतरून आली आणि तिनं आमच्या होडीचं टोक धरून ओढलं.

गाई परतत होत्या. धूळ उडालेली होती. आम्ही वेळेवर पोचलो होतो.

माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. त्या हातांनी मी पुऱ्या खाल्ल्या. मला वाटतं, इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नसेल. हे वाक्य बायको वाचणार आहे, पण आता लिहिलं ते लिहिलं.

सोमवारी कचेरीत गेल्यावर दादासाहेबांनी पहिलं काम केलं ते साहेबांच्या कपाटातून मोठा शब्दकोश मागवण्याचं. बैठक बसली. मी पान काढलं. तिवारीजी आधीच अडून बसले होते. "देखो, अनुनौका गई, ठीक है. पर डिंगी नहीं चलेगी. और ये गाँव वाले जो डोंगी कहते हैं, वो तो गँवारू है. अंग्रेज़ी भी नहीं, संस्कृत भी नहीं."

मी वाचायला लागलो. पहिला अर्थ: भारतातल्या नद्यांवर आणि किनाऱ्यांवर चालणारी लहान नाव. जहाजाला टांगलेली होडी हा अर्थ त्याच्याखाली, नंतरचा. त्याच्याही खाली शिडाची लहान शर्यतीची होडी, आणि लढाईत वैमानिक वापरत ती हवा भरायची रबरी होडी. माझ्या खिशातल्या कोशानं मधलाच एक उचलून दिला होता. मग कंसातलं बारीक अक्षर, जे आम्ही कधी वाचत नसू. शब्द कुठून आला? तिथे लिहिलं होतं, हिंदुस्तानी. डेंगी, डिंगी. बंगालमधल्या, गंगेवरच्या होड्या. कंपनीचे गोरे त्यांत बसले आणि शब्द घेऊन गेले. त्यांच्या लिहिण्यात मध्ये एक 'एच' घुसवलेला आहे, तोही उगाच नाही. तो नसता तर त्यांच्या वाचणाऱ्यांनी डिंजी म्हटलं असतं. आपला ग शाबूत राहावा म्हणून त्याला पहारेकरी दिलेला.

मी मान वर केली. तिवारीजींचे डोळे पूर्ण उघडे होते.

"फिर से पढ़ो."

मी पुन्हा वाचलं.

"मतलब..." ते उभेच राहिले. "मतलब ये अंग्रेज़ की है ही नहीं! ये तो हमारी लड़की है! विलायत ब्याही गई थी!" त्यांनी टेबलावर थाप मारली, शेव उडाली. "टोपी पहन के मायके आई, तो हमने पहचाना नहीं, और दरवाज़ा बंद कर लिया! हे भगवान! और मैंने उसमें टेम्स का पानी सूँघा!"

"गंगेचं होतं," दादासाहेब म्हणाले.

मग डोंगी की डिंगी यावर वाद झाला, पण तो प्रेमाचा वाद होता. आपल्या भागात डोंगी म्हणतात, तेव्हा डोंगी. या शब्दाचं मूळ आणखी मागे कुठे जातं, संस्कृतातल्या द्रोणाशी त्याचं नातं लागतं का, यावर तिवारीजी पुढे कित्येक दिवस बोलत राहिले. ते लागतं की नाही, मी सांगू शकत नाही. पंडितांतही एकमत नाही.

दादासाहेबांनी हाक मारली. "रामरतन! एक डोंगी लाओ."

रामरतन दारात आला. "अभी, साब? आते-आते शाम हो जाएगी. छुट्टी मंज़ूर करो, और वो उपरना भी वहीं पड़ा है, ले आऊँगा."

शब्द पास झाला. अनुनौका आणि तिच्यामागची माझी ओळ काढून टाकायची टिपणी मी स्वतःच्या हातानं लिहिली. खात्यानं कुरकुर केली, पण मूळ इंग्रजीत ती ओळ नाही म्हटल्यावर त्यांना बोलता येईना. सरकारी नौकेबद्दल चौकशी झाली का? झाली. साहेबांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं, दोरांसकट. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते. "जाइए," एवढंच म्हणाले.

पुढे मध्य भारतच गेला. सरकार भोपाळला गेलं, शाखा मोडली, दादासाहेब निवृत्त होऊन गेले, तिवारीजी मुलाकडे काशीला गेले. मला इंदूर सोडवेना, म्हणून मी इथेच दुसऱ्या कचेरीत राहिलो. नंतर मी शब्द पाडले नाहीत, आलेले पोचवले.

आता एक सांगायचं राहिलं आहे, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हातोदकडच्या कुणाच्या हाती हा अंक पडला तर त्यांनी कृपा करून हे शेवटचं पान वाचू नये.

या वैशाखात मी एका मित्राच्या मुलाच्या लग्नाला त्याच बाजूला गेलो होतो. वरात तलावाशी आली. मांगीलाल आता नाही, दुसरे केवट आहेत. पाण्यात होड्या तयार होत्या. सगळ्या सुट्या, चांगल्या रंगवलेल्या. आणि तरी त्या एकीमागे एक दोरांनी बांधत होते. सगळ्यांत पुढे एक मोठी नाव. तिच्या नाकाडावर हळदीकुंकू, वर झेंडूची माळ, आणि एक लाल लुगडंही नेसवलेलं. नवऱ्या मुलाची आत्या, पन्नाशीतली बाई, कंबर बांधून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

मी जवळ जाऊन विचारलं, "बहनजी, ये बाँधते क्यों हैं?"

तिनं माझ्याकडे शहरातलं खुळं पाहावं तसं पाहिलं. "अरे, वो आगे वाली अम्मा है. बिना अम्मा की नाव में दूल्हा नहीं बैठता. अपशकुन होता है."

"कब से?"

"कब से क्या? पुरखों के ज़माने से. हमारे इधर की रसम है. तुम्हारे इंदौर में नहीं होता?"

"नहीं," मी म्हणालो.

"तभी," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. जिभेवर सगळं आलं होतं, खिशातला कोश, संक्रांत, शेव, सगळं. बाजूला तिच्या भाच्याचा सेहरा चमकत होता, पोरीबाळी दोरांना फुलं गुंफत होत्या, पलीकडच्या काठावर ढोल सुरू झाला होता. मी तोंड मिटलं.

"खड़े क्या हो, बाबूजी? हाथ ख़ाली है तो काम करो." तिनं शेवटच्या होडीच्या दोराचं ओलं टोक माझ्या हातात दिलं. "गाँठ मारो. देर हो रही है."

मी वाकून गाठ मारली, घट्ट. तिनं दोराला दोनदा हिसका देऊन बघितला.

"पक्की है," ती ओरडली. "छोड़ो!"

आणि आई पुढे निघाली.